पाकीट उघडण्याआधी

कस्टम्समध्ये परदेशी टपालाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. टपालात लपवलेले अमली पदार्थ शोधायला आलेल्या नव्या मुलांना पहिलं हेच सांगते: आधी कागद वाचा, मग डबा. शंभर रुपयांची जुनी पुस्तकं आणि पाठवणावळ तीन हजार? थांबा. एक्स-रेत पुठ्ठ्याची जाडी बघा, पुस्तकाची पाठ चाचपा.

उघडताना नायट्राइल हातमोजे, मास्क, पंखा बंद. हुंगायचं नाही, कधीच नाही. आत फेंटानिलही असू शकतं, अगदी थोडंसंही जीवघेणं ठरणारं अमली औषध.

कणभर नमुना मार्क्विस द्रावणात टाका, म्हणजे रंग बदलून अमली पदार्थाचा अंदाज देणाऱ्या रसायनात. मेथॅम्फेटामिन नारिंगी-तपकिरी होतं, एमडीएमए जांभळट-काळं. एलएसडी हा भ्रम निर्माण करणारा पदार्थ कागदात मुरवून येतो, त्या कागदाला एर्लिख हे दुसरं चाचणी-द्रावण. जांभळा रंग येतो. मेफेड्रोन या उत्तेजक अमली पदार्थाला मात्र मार्क्विस नीट पकडत नाही. म्हणून रंग आला नाही तरी पाकीट सोडू नका, रामन यंत्र (लेसरच्या प्रकाशाने पदार्थ ओळखणारं) लावा. अंतिम निकाल प्रयोगशाळेचाच.

वजन अगदी काटेकोर करा. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात एलएसडीची व्यापारी मात्रा, म्हणजे सगळ्यात कडक शिक्षेची वजनमर्यादा, अवघी ०.१ ग्रॅम आहे आणि त्यापुढे किमान शिक्षा १० वर्षं. पंचनामा जागेवरच लिहा, मोहोर पंचांसमोर लावा. याच कायद्याच्या कलम ५२अ खाली जप्त माल प्रमाणित करून घेण्याचा दंडाधिकाऱ्यांकडचा अर्ज लांबवू नका.