उन्हाळ्यातली चटणी, पंधरवड्याचं दळण, रात्रीचं विरजण

एकदा दिवाळीच्या साफसफाईत मी फळी रिकामी केली, तेव्हा मसाल्यांची 19 पाकिटं निघाली. छोल्यांचा, पावभाजीचा, सांबाराचा, बिर्याणीचा. निम्मी रबर लावलेली, वास उडालेली. आणि तरी रोज संध्याकाळी कामावरून बेळगावातल्या वडगावला घरी पोचले की डोक्यात एकच, आज कोरड्यास, म्हणजे भाकरी-भाताशी खायला, काय करू?

सगळं घरी करायचं तर दिवसभर गॅसपुढं उभं राहावं लागेल, असं मला वाटायचं. पण खानापूरकडच्या माझ्या सासूबाई कधी तशा उभ्या राहिलेल्या मी बघितल्या नाहीत. त्यांच्या आमटीचं अर्धं काम उन्हाळ्यात झालेलं असायचं, उरलेलं आदल्या रात्री. ती पद्धत मी आता माझ्या घरात बसवली आहे.

आधी रोजचं ताट ठरवा. आमचं असं: सकाळी भात, आमटी आणि माळवं (फळभाजी), रात्री भाकरी, उसळ किंवा पालेभाजी, कोरडी चटणी, ताक. बाकीचं सणावाराला. ताट ठरलं की फळीवर काय लागतं ते आपोआप ठरतं. आमच्याकडं चार डाळी-कडधान्यं, इंद्रायणी तांदूळ, भाकरीला शाळू (ज्वारी), शेंगदाणे, गूळ, आमसुलं आणि एक मोठी बरणी चटणी एवढं पुरतं.

या बरणीवर जरा थांबते, कारण सगळं घर तिच्यावर चालतं. आपल्याकडं चटणी म्हटलं की कांदा-लसणाचं लाल तिखट. आमटी, उसळ, वांगं, अंड्याचा रस्सा, सगळ्याला हीच एक. मार्च-एप्रिलचं कडक ऊन धरूनच करा. 1 किलो मिरचीत मी अर्धी ब्याडगी आणि अर्धी संकेश्वरी घेते. ब्याडगी रंगाची, तिखट बेताची. संकेश्वरी झणका देते. दोन्ही रविवार पेठेत मिळतात. घेताना एक मिरची कानाजवळ हलवा, आत बिया खुळखुळल्या पाहिजेत. मऊ लागली तर ओल आहे, सोडून द्या. देठं काढून दोन-तीन दिवस गच्चीवर वाळवा.

एवढ्या मिरचीला धणे 250 ग्रॅम, सुकं खोबरं 250 ग्रॅम, तीळ 100 ग्रॅम, जिरे आणि खसखस 50-50 ग्रॅम, जवारी (गावठी) लसूण 250 ग्रॅम, कांदा अर्धा किलो, खडेमीठ 200 ग्रॅम. लवंग, मिरे, दालचिनी, दगडफूल 10-10 ग्रॅम, दोन हळकुंडं. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा. धण्याला जेवढी आच लागते तेवढ्यात खसखस करपते.

कांद्याचं मात्र नीट ऐका. पातळ उभा चिरून तीन दिवस उन्हात घालायचा आणि मग तेलात तळायचा, बोटांत धरला की कुरकुरून मोडेपर्यंत. पहिल्या वर्षी मला घाई झाली. कांदा तांबूस दिसला म्हणून काढला, मधे मऊच होता. जुलैत बरणी उघडली तर वर पांढरी बुरशी. दोन किलो चटणी टाकताना हात थरथरले. तेव्हापासून मी प्रत्येक घाण्यातला एक काप गार करून मोडून बघते, गरम असताना कळत नाही. लसूणही सोलून, ठेचून, थोड्या तेलात कोरडा होईपर्यंत परतून घ्या.

हे सगळं डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, कुटून आणा आणि शक्यतो स्वतः शेजारी उभ्या राहा. घरी आणल्यावर परातीत पसरून पूर्ण गार करा, मग चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा, वर हिंगाचे खडे ठेवा, फडकं बांधा. रोजच्या वापराची छोटी बाटली वेगळी ठेवा, मोठ्या बरणीत ओला चमचा कधीच जाऊ देऊ नका.

भाकरीचं पीठ पंधरा दिवसांचंच दळा. आमच्या चौघांना रात्रीपुरतं 6 किलो लागतं. जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, थापताना कडा फाटतात, चवही कडवट होते. तसं झालंच तर आधणाचं पाणी ओतून मळा, भाकरी जमते. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ घ्या आणि तळहाताच्या टाचेनं चांगलं रगडा. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवा. ते पाणी सुकायच्या बेताला येतं, चमक जाते पण ओल असते, त्या घडीला उलटा. उशीर झाला तर भेगा पडतात आणि फुगत नाही.

कोरड्या चटण्या रविवारी. शेंगदाणे मंद आचेवर भाजून, सालं काढून, लसूण, जिरे, मीठ आणि बरणीतली चटणी घालून खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटायचे. कारळाची आमच्या शेजारच्या गोकाकच्या अक्कांनी शिकवली. त्या गुरेळ्ळु म्हणतात. कारळ तडतडले की लगेच उतरवा.

रात्रीचं काम दहा मिनिटांचं. मटकी भिजत घालायची आणि विरजण लावायचं. दुधात बोट सहज राहील एवढंच ते कोमट हवं, लिटरला एक चमचा दही पुरतं. बेळगावच्या थंडीत डिसेंबरात पातेलं जुन्या शालीत गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी ठेवते. मटकीलाही तेव्हा मोड यायला दोन रात्री लागतात, त्या हिशेबानं एक दिवस आधी भिजवा.

हे सगळं एकदम सुरू करू नका. घरातली पाकिटं संपतील तशी संपू द्या, फक्त नवीन आणू नका. या आठवड्यात विरजण, पुढच्या आठवड्यात शेंगांची चटणी. मोठ्या चटणीला उन्हाळ्यापर्यंत वेळ आहे, तोवर पाव किलो मिरची आणून, वरचं प्रमाण चौथाई करून, मिक्सरवर एकदा करून बघा. तेवढी महिना-दोन महिने पुरते. तेवढ्यात आपल्या घराला तिखट किती लागतं ते कळेल आणि मार्चमध्ये संकेश्वरी किती घ्यायची ते ठरवता येईल.