सुगीच्या दिवसांत तान्हं बाळ सांभाळायचं कसं

सोयाबीनची पानं गळून शेंगा वाळायला लागल्या की आमच्याकडे सगळ्यांच्या जिवाला घोर लागतो, पाऊस यायच्या आत काढलं तर काढलं नाहीतर शेंगा तडकून दाणे वावरातच, आणि नेमकं तेव्हाच घरात पाच-सात महिन्यांचं लेकरू असलं तर आईचा अर्धा जीव वावरात अन् अर्धा पाळण्यात. मी दोन लेकरांच्या पायी अशा दोन सुग्या काढल्यात, पहिली फार वाईट गेली, दुसरी बऱ्यापैकी निभावली. दुसऱ्या वेळी काय काय केलं ते सगळं इथं लिहिते, ज्यांच्या घरी आत्ता तान्हं बाळ आहे त्यांना उपयोगी पडेल.

पहिल्या वेळी झालं असं की थोरली सात महिन्यांची होती आणि मी "दुपारपर्यंत येते" म्हणून गेले. मळणीची मशीन आली दोन वाजता, मशीनवाला कुणासाठी थांबत नसतो, त्याला पुढच्या वावरात जायचं असतं, मग पेंढ्या द्यायला माणूस कमी म्हणून मी थांबले आणि घरी यायला दिवस मावळला. ब्लाउज, पदर सगळं दुधानं ओलं. पोरगी रडून रडून झोपलेली, झोपेतसुद्धा हुंदके देत होती. आत्यांनी (आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात) बिचाऱ्यांनी बिस्किट पाण्यात कालवून भरवलं होतं, त्यांचं तरी काय चुकलं, मी काही करूनच ठेवलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून जुलाब. चार दिवस वावर पण राहिलं आणि पोरीची पार चिपाडं झाली.

तर पहिली गोष्ट, काढणी लागायच्या आठ-दहा दिवस आधीच घरात बसून ठरवायचं. त्या दिवशी सकाळी नाही, तेव्हा सगळे घाईत असतात. कोण कोणत्या वेळी बाळ धरणार, तुम्हाला वावरातून घरी गाडीवर कोण आणून सोडणार, हे नाव घेऊन ठरवा. "बाळाकडे बघा जरा" असं मोघम सांगितलं की कुणीच बघत नाही. मी दुसऱ्या वेळी आत्यांना म्हणाले, "आत्या, दहा ते एक तुम्ही धराल का, एकला मी येतेच, मग तुम्ही आडव्या व्हा." त्यांना पण बरं वाटलं, कारण पहिल्या वेळी कधी सुटका होणार हेच त्यांना माहीत नव्हतं, आणि त्यांचे गुडघे दुखतात, दिवसभर लेकरू कडेवर घेणं त्या वयात सोपं नाही. मालकांना (म्हणजे नवऱ्याला) पण स्पष्ट सांगा की मजुरांची जेवायची सुट्टी झाली की मला घरी सोडायचं. आणि एक वाजता म्हणजे एक वाजता निघायचं, पात (कापायची ओळ) अर्धी राहिली तर राहू दे.

कामाची वाटणी पण बघा. डबे करणं, धान्य वाळवणं, चाळणं, जनावरांचं बघणं ही घराजवळची कामं तुम्ही घ्या आणि जाऊबाईला वावरात जाऊ द्या, पुढं तिच्या वेळी तुम्ही फेडा. नाहीतर सावड करा. आमच्या आळीत तेव्हा आम्ही दोघी लेकुरवाळ्या होतो, एक दिवस तिनं दोन्ही लेकरं सांभाळायची, मी तिच्या वावरात पात धरायची, दुसऱ्या दिवशी उलट. आणि जमत असेल तर एखादा एकर गुत्त्यानं, म्हणजे ठोक पैसे ठरवून, काढायला देऊन टाका. चार पैसे जास्त जातात, मान्य, पण लेकरू आजारी पडलं की दवाखान्यात त्याहून जास्त जातात आणि मनस्ताप वेगळाच.

आता बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर त्याला फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणी पण नको, मध नको, घुटी नको, उन्हाळा असला तरी नको, दुधातच पाणी असतं. म्हणजे एवढ्या लहान बाळाला तुम्ही दोन-तीन तासांच्या वर सोडूच शकत नाही. ज्यांना जावंच लागतं त्यांनी दूध काढून ठेवावं. हात साबणानं धुवायचे, स्टीलची झाकणाची डबी उकळत्या पाण्यातून काढून घ्यायची, आणि पहाटे बाळ पिऊन झालं की हातानं हळूहळू दाबून काढायचं. सुरुवातीला चार चमचे निघतं, घाबरू नका, रोज काढलं की वाढतं. बाहेर ठेवलेलं दूध चार तासांच्या आत संपवावं असं सांगतात, आपल्याकडं ऑक्टोबरचं ऊन म्हणजे मी तीन तासांच्या वर ठेवत नव्हते, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या खालच्या गार जागी ठेवायचे. वाटी-चमच्यानं पाजायचं. बाटली नको, ती नीट धुऊन होत नाही आणि जुलाब तिथूनच लागतात.

वावरात नेणार असाल तर झोळी. ह्याच्यात मात्र हयगय नको. कडुलिंबाची जाड, हिरवी फांदी बघायची, वाळकी नाही, दोर सुती आणि नवा, आणि आधी स्वतः लोंबकळून बघायचं. बांधायच्या आधी फांदीवर मुंगळे, आग्यामोहोळ, मागच्या बाजूला ढोली आहे का ते बघा. झोळी जमिनीपासून हातभरच उंच ठेवा, पडलं तरी लागणार नाही आणि खालून विंचूकाटा चढणार नाही. गोणपाटावर खाली झोपवू नका, कापलेल्या ढिगाच्या आसपास तर अजिबात नाही, उंदराच्या मागं साप येतात. झोळीचं तोंड पूर्ण झाकू नका, आत हवा खेळली पाहिजे, पातळ ओढणी एका बाजूनं टाकली की बास. दर थोड्या वेळानं सावली सरकते तेव्हा उठून बघा. आणि मळणी चालू असताना बाळ वावरात नकोच नको, तो भुस्सा नाकातोंडात जातो, ट्रॅक्टर मागं घेताना ड्रायव्हरला काही दिसत नाही, मशीनच्या आवाजात लेकराचं रडणं ऐकू येत नाही. त्या दिवशी तुम्ही घरी थांबा, किंवा बाळ घरी आणि तुम्ही दोन तासांत परत.

वावरातून आल्या आल्या लेकरू अंगावर झेपावतं आणि आपल्याला पण राहवत नाही, पण आधी हातपाय तोंड धुवा, ओल्या फडक्यानं छाती पुसा, भुश्शाचं लुगडं बदला, मग घ्या. पाच मिनिटं रडेल, रडू दे. आणि शेजारच्या वावरात फवारणी चालू असेल तर बाळच काय तुम्ही पण तिकडं जाऊ नका. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कितीतरी शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, माणसं दगावली, ते विसरायचं नाही. घरातला माणूस फवारून आला की अंघोळ केल्याशिवाय त्यानं बाळाला हात लावायचा नाही, त्याचे कपडे बाळाच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, औषधाचे रिकामे डबे पाण्याला तर कध्धीच वापरायचे नाहीत.

सहा महिने झाले की वरचं खाणं सुरू, आणि सुगीत सगळ्यात जास्त हेळसांड इथं होते. भाताचं वरचं पाणी, डाळीचं पाणी पाजून पोट भरतं पण अंगी काही लागत नाही. चमचा तिरका केला तर ओघळून जायला नको एवढं घट्ट पाहिजे. मी काय करायचे, सुगीच्या आधी दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर भाजून रव्यासारखी भरड काढून ठेवायचे. सकाळी दोन चमचे भरड पाण्यात शिजवायची, वरून अर्धा चमचा तूप, कधी बारीक वाटलेली मेथी, कधी शेंगदाण्याचा अगदी बारीक कूट, झालं खिमट. दहा मिनिटांचं काम. आत्यांना पण जमायचं. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करा, नवव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी दिवसातून तीन-चारदा. ज्यांच्याकडं अंडं चालतं त्यांनी उकडून पिवळं कुस्करून द्या. वर्षाच्या आत मीठ-साखर नको, मध तर नकोच. सकाळचं खिमट दुपारी देऊ नका, भरड हाताशी आहे तर ताजं करा. अंगणवाडीतून सहा महिन्यांनंतर घरी न्यायचा आहार मिळतो तो पण आणा, आणि तो बाळालाच द्या, घरात सगळ्यांच्या वाट्याला जातो हे मला माहितीये.

जुलाब लागलेच तर अंगावरचं बंद करायचं नाही, उलट जास्त पाजायचं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण टाकायची, अर्धी अर्धी करून नाही, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्यानं. सोबत झिंकची गोळी १४ दिवस, सहा महिन्यांच्या वर २० मिलिग्रॅम, त्याच्या आत निम्मी, जुलाब थांबले तरी पूर्ण द्यायची. आशाताईकडं, उपकेंद्रात दोन्ही फुकट मिळतं, सुगीच्या आधीच दोन पुड्या आणून देवळीत ठेवा. बाळ शांत झोपावं म्हणून खोकल्याचं औषध, अफू, दारूचा थेंब असलं काही कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा, मोठ्या माणसानं सांगितलं असलं तरी.

बाळ प्यायचं सोडून देतंय, सुस्त पडलंय, झटके आले, प्यालेलं सगळं उलटून टाकतंय, छाती आत ओढली जातेय, ह्यातलं एक जरी दिसलं तरी वाट बघू नका, १०८ ला फोन करा. श्वास मोजायला शिका, मोबाईलवर एक मिनिट लावून शांत झोपलेल्या बाळाचं पोट बघा, दोन महिने ते वर्षाच्या बाळाचा ५० किंवा त्याच्या वर श्वास म्हणजे न्यूमोनिया असू शकतो. भुश्शाच्या दिवसांत खोकला येतच असतो म्हणून आपण सोडून देतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

अजून एक, आणि हे मला फार मनापासून सांगायचंय. थोरली पोरगी आठ-नऊ वर्षांची असली की सगळ्यांच्या तोंडी येतं, "राहू दे तिला चार दिवस घरी, बाळ सांभाळंल." ते चार दिवस सोयाबीनचे, मग तुरीचे, मग हरभऱ्याचे होतात आणि पोरगी शाळेत मागं पडते. ती पण लेकरूच आहे, बाळाच्या घशात काही अडकलं तर ती काय करणार? पोराला जसं शाळेत पाठवतो तसं तिला पण पाठवा, शाळा सुटल्यावर खेळवू द्या हवं तर.

स्वतःचं पण बघा. पाजणाऱ्या बाईनं न्याहारी न करता वावरात जायचं नाही. दोन भाकरी, भाजी, चटणी खाऊन जा, पाण्याचा कॅन स्वतःजवळ ठेवा. दूध तटलं तर दुपारी तिथंच थोडं काढून टाका, गाठ झाली, लाल झालं, ताप आला तर त्या बाजूनं पाजणं थांबवू नका आणि डॉक्टरला दाखवा, मी लाजून तीन दिवस काढले होते आणि त्रास उगाच वाढला. रात्री मालक मोटार चालू करायला गेले, बाळ उठलं, पहाटे परत चूल, असे दिवस येतात, रडू येतं. रडून घ्या. दोन आठवडे झाले तरी रडू थांबत नसेल, बाळाकडं बघावंसं वाटत नसेल, तर आशाताईला सांगा, हा पण आजारच आहे आणि त्याला औषध आहे.

आणि नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस, ती बरोबर सुगीत येते आणि चुकते. कार्ड काढून तारीख बघा, त्या दिवशी वावर नाही असं आधीच घरात सांगून ठेवा, आणि तिथंच बाळाचं वजन करून मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडून बघा.