ट्रोजन सापडल्याची सूचना आली, तर आधी हे बघा

ट्रोजन म्हणजे साध्या फाइलचं सोंग घेऊन कॉम्प्युटरमध्ये शिरणारा घातक प्रोग्राम. आधी सूचना नेमकी कोण देतंय ते पाहा. ब्राउझरच्या पानावर भोंगा वाजतोय आणि खाली फोन नंबर दिलाय, तर ती शुद्ध फसवणूक. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. पान बंद करा. घरातली ज्येष्ठ मंडळी कॉम्प्युटर वापरत असतील तर त्यांना हे आजच सांगून ठेवा.

सूचना विंडोज सिक्युरिटीची, म्हणजे विंडोजमधल्याच सुरक्षा अ‍ॅपची असेल तर त्यातली ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ उघडा. कुठली फाइल, कुठल्या फोल्डरमध्ये, ते तिथे लिहिलेलं असतं. डाउनलोड केलेल्या ‘क्रॅक’मध्ये (विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवायच्या फाइलमध्ये) सापडलं असेल तर मोह न धरता काढून टाका. ट्रोजनच्या नावाच्या शेवटी ‘!एमएल’ (!ml) असेल, तर तो मशीन लर्निंगने बांधलेला अंदाज असतो. कधीकधी निरुपद्रवी फाइलही त्यात अडकते. तरी ‘अलाऊ’ दाबायची घाई नको. क्वारंटाइनमधली, म्हणजे वेगळी कोंडून ठेवलेली फाइल चालू शकत नाही, खुशाल तिथेच राहू द्या.

मग ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवा. मशीन रीस्टार्ट होतं, म्हणून उघडी कामं सेव्ह करा. साधारण १५ मिनिटं लागतात. विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होत असल्याने लपून बसलेलं ट्रोजनही हाती लागू शकतं.

फाइल आधीच चालवली असेल, तर मात्र लगेच नेट तोडा आणि मोबाइलवरून पासवर्ड बदला: आधी ईमेल, मग बँक. सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउटही करा, कारण चोरलेल्या कुकीजच्या (ब्राउझरने साठवलेल्या लॉगिनच्या खुणांच्या) जोरावर पासवर्डशिवायही खात्यात शिरता येतं. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करा.