उन्हाळ्यात मोकळी डुकरं सांभाळताना : मराठवाड्यातल्या पशुपालकांसाठी सल्ला

पाडवा झाला की मराठवाड्यात ऊन तापायला लागतं आणि वैशाखात परभणी-नांदेडकडं पारा ४२-४४ अंशांवर जाऊन बसतो. त्या उन्हात गाय-म्हैसही हैराण होते, पण डुकराचं दुखणं जास्त आहे. त्याला घाम जवळपास येतच नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायची तर धापा टाकायच्या नाहीतर ओल्या चिखलात लोळायचं, एवढंच त्याच्या हातात असतं. मोठ्या डुकराला तिशीच्या पुढं पारा गेला की त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडं तर मार्चपासूनच दुपारी त्याच्या पुढं जातो. म्हणून आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, पाच-दहा डुकरं मोकळ्या वावरात पाळणाऱ्या कुटुंबानं आधी विहिरीतलं पाणी बघावं आणि मग किती डुकरं ठेवायची ते ठरवावं. खाद्य विकत आणता येतं, मे महिन्यात पाणी कुणी देत नाही.

हिशेब सोपा आहे. वाढीला लागलेल्या डुकराला दिवसाला ८ ते १० लिटर पिण्याचं पाणी धरा, पिल्लं पाजणाऱ्या मादीला २० ते ३० लिटर. उन्हाळ्यात यापेक्षा जास्तच लागतं. लोळण्याचा खड्डा ८ फूट लांब, ६ फूट रुंद आणि ९ इंच खोल केला, तर एकदा भरायला सुमारे हजार लिटर जातं. बोअर उचक्या देत असेल, गावात टँकर सुरू व्हायची चिन्हं असतील, तर विक्रीजोगी झालेली डुकरं एप्रिलमध्येच काढून टाका. पाच-दहा किलो वजन कमी भरलं तरी चालेल. मेमध्ये धापा टाकणारं डुक्कर खाणं तोडतं, त्याचं वजन वाढत नाही, फक्त तुमचा खर्च वाढतो.

माझं तर स्पष्ट मत आहे की कोरडवाहू शेतकऱ्यानं बारमाही डुकरं ठेवण्याच्या फंदात पडू नये. पोळा झाला की दोन महिन्यांची, दूध तुटलेली पिल्लं घ्यावीत, पावसाळ्यानंतरच्या हिरवाईवर आणि रानातल्या सांडलेल्या दाण्यावर ती वाढवावीत आणि पाडव्याच्या आसपास विकावीत. गिऱ्हाईक मात्र पिल्लं घेण्याआधी पक्कं करा. आपल्या भागात डुकराच्या मटणाची बाजारपेठ लहान आहे आणि पाळणारेही थोडे. वडार, कैकाडी समाजातल्या ज्या कुटुंबांनी हे काम पिढ्यानपिढ्या केलं, त्यांच्याकडून विक्रीच्या वाटा समजून घ्या. त्यांच्याइतकी माहिती दुसरीकडं मिळायची नाही.

ज्यांच्याकडं माद्या आहेत त्यांना उन्हाळा टाळता येत नाही. त्यांनी सावलीपासून सुरुवात करावी. लिंब, चिंच, आंबा असेल तर उत्तम, पण दहा डुकरं एकाच झाडाखाली महिनाभर राहिली तर मुळं उकरून झाड वाळवतात. खोडाभोवती दगड रचून घ्या. झाड नसेल तर तुराट्या-पऱ्हाट्यांचा मांडव घाला, वर पाचट किंवा कडब्याचा जाड थर द्या. उघड्या पत्र्याखाली डुक्कर भाजून निघतं. मोठ्या डुकरामागं १५ ते २० चौरस फूट सावली हवी, आणि मांडवाच्या बाजू मोकळ्या ठेवा म्हणजे वारा खेळेल. एप्रिल-मेमध्ये वळवाचं वादळ येतं, गाराही पडतात, तेव्हा मांडवाचे वासे दोन-दोन फूट जमिनीत गाडून तारेनं आवळा.

लोळण्याचा खड्डा सावलीतच करा. उन्हातला खड्डा दुपारपर्यंत तापतो आणि डुक्कर त्यात उतरून जास्त भाजतं. पाणी घाण झालं की शेवरीला नाहीतर गजराज गवताला सोडा आणि नवीन भरा. पिण्याची टाकी खड्ड्यापासून लांब ठेवा, नाहीतर तीही चिखलानं भरते. यॉर्कशायर जातीच्या पांढऱ्या डुकराच्या कानाला आणि पाठीला उन्हानं फोड येतात. अंगावर वाळलेला चिखलाचा थर हाच त्यावरचा स्वस्त इलाज आहे. आपल्याकडचं काळं डुक्कर किंवा त्याचा संकर या बाबतीत जास्त टिकाऊ.

दुपारी एखादं डुक्कर तोंड उघडं टाकून भराभर धापा टाकतंय, लाळ गळतेय, उठवलं तरी उठत नाही, असं दिसलं तर ओढत नेऊ नका. आहे तिथंच चादर धरून सावली करा. कान, पोट आणि पाय साध्या पाण्यानं ओले करत राहा, पुठ्ठ्यानं वारा घाला. बर्फाचं पाणी एकदम अंगावर ओतू नका. डुकराचा ताप एरवी १०१.५ ते १०३ फॅरनहाइट असतो. १०६ दिसला तर जीवावरचं काम आहे, डॉक्टरांना लगेच बोलवा. पिल्लं खच्ची करणं, लस टोचणं, गाडीत भरणं ही कामं उन्हाळ्यात पहाटेच उरका. वाहतूक रात्री करा आणि गाडीत ओली वाळू टाका.

आता लग्नसराईबद्दल. एप्रिल-मेमध्ये मंगल कार्यालयातलं उरलेलं अन्न फुकट मिळतं आणि ते बघून मोह होतोच. त्यात तीन धोके आहेत. एक, या उन्हात वरण-भात चार-पाच तासांत आंबतो. दुसरा, त्यात डुकराचं मटण किंवा त्याचे तुकडे आले तर आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग घरात येऊ शकतो. हा रोग भारतात २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात पहिल्यांदा सापडला, नंतर देशात पसरला. माणसाला तो होत नाही, पण डुकरावर त्याचा इलाज नाही आणि आपल्याकडं लसही दिली जात नाही. त्यामुळं मटणाचं उष्टं आणूच नका, आणि बाकीचं अन्नही किमान अर्धा तास खळाखळा उकळल्याशिवाय घालू नका.

तिसरा धोका मिठाचा आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. भाजी, लोणचं, पापड, भजी असलं खारट अन्न पोटात गेलं आणि त्याच दिवशी वीज गेल्यानं पाणी तुटलं, तर दीड-दोन दिवसांत डुक्कर वेड्यासारखं वागायला लागतं. भिंतीला डोकं टेकवून उभं राहतं, हाक मारली तरी ऐकत नाही, मागं मागं सरकतं, कुत्र्यासारखं बसतं आणि मग झटके येतात. लोक समजतात फिट आली किंवा पिसाळलं. खरं तर मेंदूला सूज आलेली असते. अशा वेळी घाबरून टाकी भरून दिली तर डुक्कर ढसाढसा पिऊन लगेच मरतं. तासातासानं थोडं थोडं पाणी द्या आणि तोवर डॉक्टरांना गाठा. वीज जाणार हे ठाऊकच आहे, म्हणून दोन दिवसांचं पाणी टाकीत कायम भरलेलं ठेवा.

खाद्य सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर, भिजवून द्या. वाढत्या डुकरांसाठी क्विंटलभर खाद्यात मका किंवा ज्वारीचा भरडा ६० किलो, सोयापेंड २०, गव्हाचा कोंडा साडेसतरा, खनिज मिश्रण २ आणि मीठ अर्धा किलो, हे प्रमाण घरगुती पाळणाऱ्याला पुरेसं आहे. उकळलेलं उष्टं घालत असाल त्या दिवशी मीठ वगळा. घरचं सोयाबीन कच्चं घालू नका, भाजून किंवा उकडूनच द्या, नाहीतर त्यातली प्रथिनं पचत नाहीत. सरकी पेंड आपल्याकडं घरोघरी असते, पण ती म्हशीला ठेवा. सरकीतलं गॉसिपॉल डुकराला विषारी असतं. बुरशी आलेला मका माद्यांना तर अजिबात नको. त्यानं माद्यांचा माज बिघडतो, योनीला सूज येते.

कुंपण उन्हाळ्यातच नीट करून घ्या. रानडुक्कर आणि रोह्यासाठी लावतात ती सोलर झटका मशीन इथं दुहेरी कामाची आहे. जमिनीपासून ६ ते ८ इंचांवर एक आणि दीड फुटावर दुसरी, अशा दोन तारा आतल्या बाजूनं पुरेशा होतात. त्याबाहेर जाळीचं कुंपण हवंच, कारण रानडुकराचं तोंड आपल्या डुकराला लागलं की रोग येतो. लाइटीच्या तारेतला करंट थेट कुंपणात सोडणं बेकायदा आहे आणि त्यानं माणसं मरतात.

डुकरांना काळ्या जमिनीत उन्हाळ्यात फिरवलं तर हरकत नाही, पण मृगाच्या आत त्यांना बरड, मुरमाड तुकड्यावर हलवा. काळ्या रानात पावसाळ्यात डुक्कर उतरलं की चिखल होतो, खुरं सडतात आणि जमीन दगडासारखी दबते. एकरी आठ-दहाच्या वर ठेवू नका. तुकडे पाडून फिरवत राहा, कारण जंताची अंडी मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतात. शेताच्या धुऱ्याला कुणी शौचाला बसत असेल तर तो भाग आधी बंद करा. माणसाच्या विष्ठेतून पट्टकृमी डुकरात येतो आणि पुढं माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतो. पाळणाऱ्यानं हे काटेकोर सांभाळलं, तर शेजाऱ्यांच्या तक्रारीही कमी होतात. गोठा मुख्य घरापासून दूर ठेवा, पावसाळ्यात डासांचा बंदोबस्त करा.

मादीचा गर्भ ११४ दिवसांचा. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत भरलेली मादी ऐन उन्हात विते, म्हणून त्या काळात नर वेगळा ठेवा. मृगानंतर, म्हणजे जूनअखेर किंवा जुलैत भरवली की पिल्लं ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. उन्हाळ्याची झळ बसलेल्या नराचं वीर्य पुढचे सहा-आठ आठवडे कमजोर राहतं, त्यामुळं जूनमधली पहिली भरणी वाया गेली तर मादीला दोष देऊ नका.

क्लासिकल स्वाइन फीव्हरची (हा वरच्या आफ्रिकन फीव्हरहून वेगळा रोग) लस पिल्लं दोन-तीन महिन्यांची झाली की द्यावी, पुढं दरवर्षी. पावसाळ्याच्या महिनाभर आधी मोठ्या डुकरांची लस, जंत आणि खरजेचं औषध उरकून घ्या. पशुवैद्यकीय दवाखान्यात नोंद करा, परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. एकदम दोन-तीन डुकरं मेली तर ती ओढ्यात फेकू नका, विकूही नका. १९६२ या क्रमांकावर फोन करा आणि डॉक्टर येऊन तपासेपर्यंत कोणतंही जनावर आखाड्याबाहेर नेऊ नका.