जर्सीचं कापड घेण्याआधी

सब्लिमेशनसाठी, म्हणजे कागदावरचं डिझाइन उष्णतेने पॉलिस्टरवर उतरवायच्या छपाईसाठी, कापड घ्यायला जाताना मी पर्समध्ये काडेपेटी आणि छोटा चिमटा ठेवते. ताग्यावर ‘पॉली’ लिहिलंय की ‘ड्रायफिट’, यावर मी आता विसंबत नाही. काठाचे चार धागे मागून घ्यायचे, दुकानाबाहेर यायचं, चिमट्यात धरून पेटवायचे. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि गार झाल्यावर कडक मणी उरतो. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची राख बोटाला मऊ लागते. मिश्र कापडात थोडी राख आणि थोडे खडे, असं दोन्ही सापडतं. वितळलेला थेंब कातडीला चिकटून भाजतो, म्हणून धागा हातात धरून पेटवू नका.

ही सवय मला एका फुटबॉल संघाच्या जर्सींनी लावली. कोल्हापुरात पेठापेठांतले संघ शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हा पोरांसाठी अंगातली जर्सी म्हणजे घरचा मान असतो. माझ्याकडे 18 जर्सी आल्या होत्या. कापड मऊ होतं, विकणाऱ्याने शंभर टक्के पॉलिस्टर म्हणून दिलं होतं. प्रेसमधून, म्हणजे डिझाइन दाबून उतरवणाऱ्या गरम यंत्रातून, निघालं तेव्हा रंग जरा मंद वाटला, पण मी पुढे गेले. दोन धुण्यांत पाठीवरचे क्रमांक राखाडी झाले. पोरांनी वर्गणी काढून पैसे भरले होते. सगळ्या जर्सी मी पदरच्या पैशाने पुन्हा करून दिल्या आणि उरलेल्या कापडाचा धागा जाळून पाहिला. बराचसा कापूस निघाला.

शाळेत आपण संप्लवन शिकलो; कापूर द्रव न होता थेट हवेत जातो, ते. ही शाई तशीच वागते. साधारण 190 ते 200 अंश सेल्सिअसला कागदावरच्या रंगाची वाफ होते. त्या उष्णतेत पॉलिस्टरचा धागा सैल पडतो, वाफ आत शिरते, गार झाल्यावर रंग धाग्यातच अडकून राहतो. म्हणून चांगल्या छपाईवर हात फिरवला तरी थर जाणवत नाही. कापसात ही वाफ धरून ठेवण्याची सोय नाही. निम्मा कापूस असेल तर निम्मा रंग धुण्यात जाणार, मग प्रेस कितीही महाग असो. सुती कापडावर मारायचे फवारे मिळतात. मी वापरून पाहिले, कापड कडक होतं आणि रंग पॉलिस्टरसारखा टिकत नाही.

नायलॉनचाही जळून मणीच होतो, त्यामुळे काडेपेटी तिथे पुरत नाही. नायलॉन रंग घेतं, पण धुण्यात सोडतं. तेव्हा दुसरी परीक्षा अशी: अर्धा मीटर घरी आणा, काळा, लाल, निळा असे भरीव पट्टे छापा, पाच वेळा साबणाने धुवा, मग ओल्या पांढऱ्या फडक्याने घासा. काळ्यावर खास लक्ष ठेवा. काळा तपकिरी किंवा हिरवट दिसला तर आधी तापमान आणि वेळ तपासा, कापडाला दोष नंतर द्या.

या शाईत पांढरा रंग नसतो. डिझाइनमधला पांढरा म्हणजे कापडाचाच पांढरा. पिवळ्या कापडावर निळा छापला तर हिरवा येणार, काळ्यावर काहीच दिसणार नाही. ‘काळी जर्सी हवी’ असं कोणी म्हणालं की मी पांढरंच कापड घेते आणि काळा छापते. त्यासाठी जर्सीचे तुकडे आधी कापून, छापून, मग शिवायचे. तयार टी-शर्टवर पूर्ण छपाई केली तर काखेत आणि शिवणीजवळ पांढऱ्या रेघा राहतात.

विणीचाही विचार करा. ‘डॉट नीट’ विणीच्या कापडाला बारीक छिद्रं असतात; हवा खेळते, खेळाडूंना ते आवडतं, पण प्रायोजकाची बारीक अक्षरं तिथे तुटतात. अक्षरं बारीक असतील तर मी गुळगुळीत इंटरलॉक घेते. जर्सीला 140 ते 180 जीएसएम (चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) पुरतं. त्याहून पातळ पांढरं कापड घामाने अंगाला चिकटून पारदर्शक दिसतं. लायक्रा असलेलं कापड ताणलं की आतला पांढरा धागा डोकावतो, आणि जास्त उष्णतेने लायक्राची लवचीकता जाते. लायक्रा थोडाच असेल तर घ्या, तापमान थोडं उतरवा. पताकांना आणि उशीच्या अभ्र्यांना पॉलिस्टर सॅटिन छान.

नॉनवोव्हन पिशव्यांची चौकशी नेहमी येते. त्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, प्रेसखाली वितळतात. मी सरळ नाही म्हणते. कॉफीच्या मगवर आणि पत्र्यावर पॉलिमरचा लेप असेल तरच रंग धरतो, बाजारातला साधा कप चालत नाही.

नवा तागा आला की वीतभर चौकोनाच्या कडा पेनाने आखून कोराच प्रेसखाली धरा आणि पुन्हा मोजा. आटत असेल तर तुकडे कापण्याआधी सगळं कापड एकदा प्रेसखालून काढून घ्या. छापून धुतलेली पट्टी मी वहीत टाचते. बाजूला दुकान, जीएसएम, तापमान, सेकंद आणि तारीख.