यूकॅट: सोडवणं कमी, सोडणं जास्त

ब्रिटनमध्ये डॉक्टरकीला जायचं ठरलं आणि मी जीवशास्त्राची जाडजूड पुस्तकं काढून बसले. दोन आठवडे गेले त्यात. मग कळलं की यूकॅटमध्ये, म्हणजे तिथल्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत, जीवशास्त्र विचारतच नाहीत. रसायन नाही, भौतिक नाही, अभ्यासक्रम म्हणून काही नाहीच. पाठांतराच्या जोरावर इथवर आलेल्या माझ्यासारखीचे हातपायच गळाले.

2025 पासून या परीक्षेचे चार भाग आहेत. आकृत्यांचा भाग त्या वर्षी काढून टाकला, तेव्हा जुन्या पुस्तकात तो दिसला तर पानं उलटून पुढे जा. (बीमॅट ही वैद्यकीय प्रवेशाचीच दुसरी परीक्षा 2023 नंतर बंदच झाली. तिची पुस्तकं कुणी प्रेमाने देऊ केली तर हात जोडा.)

भाषेच्या भागात 22 मिनिटांत 44 प्रश्न असतात. उतारे अकरा, प्रत्येकावर चार प्रश्न. म्हणजे एका उताऱ्याला वाचनासकट दोन मिनिटं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांची दमछाक होते ती इथे. मी आधी अख्खा उतारा वाचायचे आणि तिसऱ्या उताऱ्यालाच घड्याळ हाताबाहेर जायचं. मग क्रम उलटा केला. आधी विधान वाचायचं, त्यातला एखादं नाव, साल असा ठळक शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि त्याच्या मागच्यापुढच्या दोन ओळीच वाचायच्या.

एक खोडही मोडावी लागली. समजा उताऱ्यात आहे, 'बेटावरचे बहुतेक मच्छीमार पहाटे निघतात.' विधान आहे, 'काही मच्छीमार दुपारी निघतात.' आपलं डोकं म्हणतं, हो, असणारच. उत्तर मात्र 'सांगता येत नाही'. उताऱ्याबाहेरचं शहाणपण इथे नडतं.

गणिताच्या भागात 26 मिनिटांत 36 प्रश्न. टक्केवारी, वेग, गुणोत्तर, सगळं शाळेतलंच. गोची होते कॅल्क्युलेटरची. तो स्क्रीनवर असतो आणि अगदी साधा असतो. मी सराव केला फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर. मग यूकॅटच्या संकेतस्थळावरची अधिकृत मोफत चाचणी लावली तेव्हा माउसने एकेक आकडा टिपत बसले आणि शेवटचे अकरा प्रश्न उघडलेसुद्धा नाहीत. त्यानंतर उजव्या बाजूला आकड्यांच्या कळा असलेला कीबोर्ड उसना आणला. ऑल्ट आणि सी दाबलं की कॅल्क्युलेटर, ऑल्ट आणि एन दाबलं की पुढचा प्रश्न. आठवडाभरात बोटांना सवय झाली. महागड्या शिकवणीपेक्षा मला त्या कीबोर्डचा उपयोग जास्त झाला, असं माझं प्रामाणिक मत आहे.

या परीक्षेत चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. म्हणून मी नियम केला: अर्ध्या मिनिटात वाट दिसली नाही तर अंदाजाने एक पर्याय टिपायचा, खूण करायची आणि पुढे जायचं. ऐकायला सोपं आहे. पण हुशार म्हणवणाऱ्या पोराला प्रश्न अर्धवट टाकणं फार जड जातं. मी तर सरावात किती प्रश्न सोडवले यापेक्षा किती वेळेवर सोडले तेच मोजायला लागले. तर्काच्या भागात 37 मिनिटांत 35 प्रश्न, तिथे जरा श्वास घेता येतो.

शेवटचा भाग प्रसंगांचा, 26 मिनिटांत 69 प्रश्न. याला गुण नाहीत, 1 ते 4 असे बँड आहेत. पहिल्या सरावात मी सपाटून आपटले. वरिष्ठ डॉक्टर हात न धुता रुग्णाकडे निघाले आहेत, सोबतच्या विद्यार्थ्याने काय करावं? माझं उत्तर: गप्प राहावं, नंतर कुणाला तरी सांगावं. मोठ्यांना टोकायचं नाही हे अंगात मुरलेलं. तिथे अपेक्षा असते की विद्यार्थ्याने तिथल्या तिथे, पण नम्रपणे आठवण करून द्यावी, कारण रुग्णाची सुरक्षितता मानापमानाच्या आधी येते. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलची डॉक्टरांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं दोनदा वाचली, मग त्या उत्तरांमागचा विचार कळू लागला. हा भाग हलक्यात घेऊ नका. काही विद्यापीठं बँड 4, म्हणजे सगळ्यात खालचा, आला की अर्ज पुढे नेतच नाहीत.

परीक्षा जुलै ते सप्टेंबर या काळात होते, एका वर्षात एकदाच देता येते आणि निकाल त्याच वर्षी केलेल्या अर्जाला चालतो. नोंदणीतलं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. केंद्रात कागद मिळत नाही, लॅमिनेट केलेली पाटी आणि मार्कर मिळतो, म्हणून बारीक लिहायचा सराव ठेवा.

तीन भागांचे मिळून 2700 पैकी गुण असतात. यूकॅसवर, म्हणजे ब्रिटनमधल्या विद्यापीठांना अर्ज करायच्या सामाईक व्यवस्थेत, अर्जाची मुदत 15 ऑक्टोबर, म्हणजे गुण हातात आल्यावरच विद्यापीठं निवडता येतात आणि वैद्यकीयसाठी चारच टाकता येतात. परदेशी विद्यार्थ्यांच्या जागा मोजक्या असतात आणि काही ठिकाणी त्यांच्यासाठी गुणांची वेगळी रेषा असते, ती आधी शोधा. माझे गुण आले त्या रात्री मी वर्षभर भिंतीवर चिकटवलेली विद्यापीठांची यादी उतरवली आणि पहिलंच नाव खोडलं. त्या जागी जे लिहिलं, मुलाखतीचं पहिलं पत्र तिथूनच आलं.