डीमार्क ‘रिजेक्ट’वर नेण्याआधीची तयारी

परळच्या शाखेत एक आजोबा पासबुक भरायला आले आणि त्यांनी काउंटरवर मोबाइल पुढे केला. “बघ रे बाळा, हे तुमच्याच बँकेचं ना?” केवायसी अपडेट करा, नाहीतर खातं बंद होईल, असा मेल होता. पाठवणाऱ्याच्या जागी आमचा डोमेन, अक्षर न् अक्षर बरोबर. डीमार्क, म्हणजे आपल्या नावाने आलेल्या खोट्या मेलचं काय करायचं हे इतर मेल सर्व्हरना सांगणारी नोंद, आम्ही लावला होता, पण ‘नन’वर. म्हणजे खोटा मेल पकडला तरी अडवायचा नाही, असं आम्हीच जगाला सांगून ठेवलं होतं. त्यानंतर आम्ही जी तयारी केली, ती मुंबईतल्या इतर सहकारी बँकांच्या आयटीवाल्यांसाठी लिहितोय.

पहिलं काम म्हणजे बँकेच्या नावाने कोण कोण मेल पाठवतं, ते शोधणं. ही माहिती सर्व्हर रूममध्ये बसून मिळत नाही. कर्ज विभाग, एचआर, मार्केटिंग, स्टेटमेंट पाठवणारा व्हेंडर, सगळ्यांकडे स्वतः जाऊन विचारा. सेक्रेटरियल विभाग तर विसरूच नका. सभासदांना वार्षिक सभेची नोटीस वर्षातून एकदाच जाते, तीही सप्टेंबरच्या आसपास, आणि बऱ्याचदा बाहेरच्या एजन्सीकडून. ऑक्टोबर ते डिसेंबरचे डीमार्क रिपोर्ट (कोणत्या आयपीवरून आपल्या नावाने मेल गेले, त्याचे) बघून ‘रिजेक्ट’ लावलंत, तर पुढच्या वर्षी हजारो सभासदांची नोटीस वाटेतच नाकारली जाईल.

यादी हाती आली की एसपीएफ (आपल्या नावाने कोणत्या सर्व्हरनी मेल पाठवायचे, त्याची नोंद) साफ करा. त्यात डीएनएस लुकअपची (इतर डोमेनच्या नोंदी शोधण्याची) मर्यादा 10 आहे. प्रत्येक व्हेंडरचा ‘इन्क्लूड’ (त्याची सर्व्हर यादी जोडणारा भाग) त्यातले काही खातो, आणि मर्यादा ओलांडली की आपले खरे मेलसुद्धा तपासणीत नापास होऊ शकतात. करार संपलेल्या व्हेंडरचं नाव त्याच दिवशी काढा. मात्र एकट्या एसपीएफवर विसंबू नका. तो पाकिटावरचा, म्हणजे सर्व्हर आपसात वापरतात तो पत्ता तपासतो, आजोबांना स्क्रीनवर दिसणारा नव्हे. दोन्ही जुळतात का, हे बघायचं काम डीमार्कचं.

डीकेआयएमची, म्हणजे मेलवरची डिजिटल सही प्रत्येक व्हेंडरकडून आपल्याच डोमेनची करून घ्या, 2048 बिटची की आणि प्रत्येकाला वेगळा सिलेक्टर (कोणती की वापरली ते सांगणारं नाव). मेल फॉरवर्ड झाला की एसपीएफ बहुधा तुटतो. मजकुराला कुणी हात लावला नसेल तर ही सही टिकते.

मग डीमार्क. सुरुवात ‘नन’पासून हवीच, कारण रिपोर्ट तिथूनच यायला लागतात. पण ते वाचणारा माणूस नेमा आणि त्याच्या रजेच्या दिवसांत कोण वाचणार, तेही ठरवा. अनोळखी आयपीचा छडा लागला की ‘क्वारंटाइन’ (संशयित मेल स्पॅममध्ये), आणि खरे मेल नीट जाताहेत अशी खात्री पटली की ‘रिजेक्ट’. ‘नन’वर राहण्याची शेवटची तारीख व्यवस्थापनाकडून लेखी घ्या. आमची चूक तिथेच झाली होती, तारीखच नव्हती. सबडोमेनची पॉलिसीही त्याच बैठकीत ठरवून टाका.

जुन्या डोमेनबद्दल मला खरी काळजी वाटते. रिझर्व्ह बँकेच्या 22 एप्रिल 2025 च्या परिपत्रकाप्रमाणे बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या तंत्रज्ञान संस्थेमार्फत ‘डॉट बँक डॉट इन’ डोमेनवर जायचं होतं. नवं घर मिळालं म्हणून जुन्याचं नूतनीकरण थांबवू नका. ते नाव उद्या कुणीही विकत घेईल, आणि आजोबांच्या वहीत पत्ता जुनाच लिहिलेला असेल. तिथून मेल जाणं पूर्ण थांबलं की एसपीएफमध्ये ‘कुणालाच परवानगी नाही’ असं लिहा आणि डीमार्क थेट ‘रिजेक्ट’वर टाका.

एका अक्षराच्या फरकाची मिळतीजुळती नावं यातल्या कशानेच अडत नाहीत. त्यासाठी शाखेतली माणसंच तयार हवीत. ग्राहकाने असा मेल दाखवला तर तो डिलीट करायला सांगू नये, मूळ मेल हेडरसकट (मेल कुठून कसा आला ते दाखवणाऱ्या ओळींसकट) मागून घ्यावा. पैसे गेले असतील तर खातं तिथल्या तिथे गोठवावं आणि ग्राहकाला समोर बसवून 1930 या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन लावून द्यावा. सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला) कळवायला घटना लक्षात आल्यापासून 6 तास मिळतात. शनिवारी संध्याकाळी ते कोण कळवणार, त्याचं नाव आणि मोबाइल नंबर आजच प्रत्येक शाखेत लावून ठेवा.